डावीकडचा एक्स-रे

डॉ. शरयूंनी हातमोजा न काढताच बोटाच्या पेराने संगणकाच्या पडद्यावर टकटक केलं, आणि पुनाजीच्या छातीचे दोन एक्स-रे शेजारी शेजारी उघडले. मागे भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या वल्लरीला जागच्या जागी उडी मारावीशी वाटली.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एवढ्यासाठी मोजा काढा, पासवर्ड घाला, चार खिडक्या उघडा, असा सगळा खटाटोप होता. वैतागून डॉक्टर मंडळी मोबाइलवर फोटो काढून एकमेकांना पाठवत. वर्ध्याच्या या अतिदक्षता विभागात वल्लरी पावसाळाभर येऊन बसली होती. कोण कुठे अडतं, कोण कशाला शिव्या घालतं, हे पाहून तिने नव्या सॉफ्टवेअरचा पडदा आखला होता. आज त्याची पहिली चाचणी होती. चाचणीत आपण नुसतं बघायचं, मध्ये बोलायचं नाही, हा नियमही तिचाच. तिच्यासारख्या बोलघेवडीला ही शिक्षाच होती.

पुनाजी वडनेरकडचा शेतमजूर, न्यूमोनियाने आलेला; कालपर्यंत दुसऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता. मास्क लावूनही त्याची धाप पुरती बसत नव्हती. दाराबाहेर त्याची लेक बायजा काचेला कपाळ टेकून उभी होती.

“काल बरा होता की हा,” डावीकडच्या एक्स-रेवर बोट ठेवून शरयू म्हणाल्या. मग बोट उजवीकडे सरकलं. “आणि आज बघा. अर्धं फुफ्फुस पांढरं झालंय. अन्नपूर्णा सिस्टर, नळी टाकायची तयारी करा. व्हेंटिलेटरवर घेऊ. मुलीची सही घ्या.”

वल्लरी भिंतीपासून पुढे सरकली. डावीकडचा आजचा होता. मोबाइलवर ताजं ते आधी दिसतं, तसंच इथे ठेवायचं तिनेच ठरवलं होतं. खाली तारखा होत्या, पण पडदा सुटसुटीत दिसावा म्हणून तिनेच त्या बारीक केल्या होत्या.

दार उघडलं तसा बायजाचा आवाज आत आला.

“सही काऊन पायजे? बाबाले मशीन लावून राह्यले का?”

नियम गेला चुलीत.

“मॅडम, थांबा! उजवीकडचा कालचा आहे.”

शरयू गर्रकन वळल्या. नाक टेकेल इतक्या वाकून त्यांनी तारीख वाचली, पुन्हा वाचली. मग त्या खाटेकडे गेल्या, पुनाजीच्या छातीवर स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. रक्ताचा नवा रिपोर्ट येईपर्यंत वल्लरी खाटेजवळून हलली नाही.

“नळी नको, सिस्टर,” रिपोर्ट पाहून शरयू म्हणाल्या. “सुधारतोय हा.”

त्या धपकन खुर्चीत बसल्या. हातमोजे ओढून काढले.

“अहो, जुना डावीकडे, नवा उजवीकडे. दिव्याच्या पेटीवर फिल्म लावायचो तेव्हापासून असंच बघतो आम्ही.”

“मला कोणीच सांगितलं नाही, मॅडम.”

“हे काय सांगायचं असतं? आधी कुठल्या पायात चप्पल घालतो, ते सांगतो का आपण कोणाला?”

वल्लरीने तिथेच लॅपटॉप उघडला. बाजू बदलल्या, तारखा ठळक केल्या. दुपारच्या राउंडला शरयूंनी टकटक केलं, पडद्यावर एक नजर टाकली आणि लगेच पुनाजीकडे वळून त्याला खोकायला सांगितलं. पडद्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तेव्हा कुठे वल्लरीचा जीव भांड्यात पडला.

बाहेर बायजा बाकावर डबा उघडून बसली होती.

“तुमीबी डॉक्टर हाय का?”

“नाही.”

“मंग आतमंदी काय करून राह्यल्या होत्या?”

“बाबांचे फोटो उलटे लागले होते. सरळ केले.”

“उलटे लावले कोनं?”

वल्लरीला सहज उडवाउडवी करता आली असती.

“मीच,” ती म्हणाली.

 बायजाने डबा उचलून मांडीवर घेतला आणि बाकावर सरकून जागा केली.

“बसा,” ती म्हणाली. “सकाळपासून उभ्याच हाय तुमी.”