पडद्याच्या अलीकडे

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या त्या बाईला चटके नवे नव्हते. हात भाजला की नळाखाली धरायचा आणि पुढचा शर्ट घ्यायचा. त्यामुळे तांबी बसवायला निघाली तेव्हा दुखण्याची तिला धास्ती नव्हती. धास्ती होती ती सासूबाईंची. त्यांना तिसरं नातवंड हवं होतं. नवऱ्याचा तांबीला होकार होता, पण आईपुढे तोंड उघडायची त्याची टाप नव्हती. म्हणून घरी पोटाच्या तपासणीचं निमित्त सांगितलं, तर सासूबाईच सोबत निघाल्या. नको कोणत्या तोंडाने म्हणणार?

दवाखान्यात त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. मध्ये नुसता पडदा.

डॉक्टरीणबाई घाईत होत्या. दोन मुलं झालीत, आता हे काहीच वाटणार नाही, म्हणाल्या. दोन्ही वेळा सिझेरियन झालं होतं, बाळ खालून आलंच नव्हतं; ते त्यांनी विचारलं नाही आणि पडद्याच्या धाकाने हिनेही सांगितलं नाही.

पाय वर अडकवले. चिमट्याने गर्भाशयाचं तोंड धरलं तशी कळ कमरेतून थेट मांड्यांत उतरली. तिने पदर तोंडात कोंबला. नर्सने गुडघा दाबून धरला. आत सळई सरकली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पडद्याखाली सासूबाईंच्या चपला दिसत होत्या.

"थांबा," ती पुटपुटली.

"झालंच आता."

"थांबा म्हणते ना. आधी भूल द्या, मगच तांबी बसवा."

आवाज चढला होता. चपला हलल्या.

डॉक्टरीणबाईंनी हात मागे घेतला. बाळंतपणं कशी झाली ते आता विचारलं, आणि भूल आधीच मागायची होती, असंही म्हणाल्या. मागता येते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. इंजेक्शन दिल्यावर त्या थोडा वेळ थांबल्या. नंतरही दुखलं, पण दात आवळून सोसण्याइतकंच.

बाहेर सासूबाईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली, जिन्यावर कोपर धरलं. बसमध्ये तिला खिडकीशी बसवून स्वतः कडेला बसल्या.

"त्याला माहीत आहे?"

"हो."

"म्हणजे मीच तेवढी परकी."

पोटात पुन्हा कळ आली. तिने पाय आखडले. घर यायला अवकाश होता, आणि सासूबाईंना ओलांडल्याशिवाय उठता येणार नव्हतं. तांबी काढून टाक म्हणाल्या तर नाही म्हणायचं, एवढंच तिने ठरवलं.

"हं, बोल," सासूबाई म्हणाल्या.