डावा गाल

करूरच्या चादरींच्या कारखान्यात मरगदम सोळा वर्षं उशांचे अभ्रे शिवत होती. बाहेरदेशी जाणारा माल. पोंगलच्या सणाला मुकादमाने नापास मालाचा गठ्ठा बायकांना वाटला, तेव्हा तिने नेमके मोतिया रंगाचे दोन गुळगुळीत अभ्रे उचलले. साटीन होतं, हात ठेवला की घसरायचा. तिकडच्या बायका यावरच झोपतात, म्हणून त्यांची कातडी तशी असते, असं शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली. मरगदमला ते पटलं. तिच्या मुलीच्या, कयलविळीच्या तोंडावर मुरुम यायचे. एकोणिसावं वर्ष, आषाढ संपला की बघण्याचा कार्यक्रम होता.

उन्हाळा तापला तसा कयलचा डावा गाल पेटला. लाल, ठणकणाऱ्या गाठी. त्यातून पू येई. उजवा मात्र बराच बरा. मरगदमने कडुलिंब लावला, हळद लावली, तळलेलं बंद केलं. दृष्टही काढली. गाठी वाढतच गेल्या.

मुलाची आई आली. तिने कयलची हनुवटी धरून तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं, भाजी निवडताना वळवतात तसं.
"हा काही रोग-बिग नाही ना?" तिने विचारलं.
मरगदम म्हणाली, वयाचं आहे, जाईल. बाई कॉफी न पिताच उठली. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

मग मरगदम मुलीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी गाल पाहिला आणि कुठल्या कुशीवर झोपतेस, उशीला काय घालतेस, असं विचारलं. कयलने मान खाली घातली. डावी कूस, साटीनचा अभ्रा, हे सांगितलं मरगदमनेच.

मुरुम अंगातूनच येतात, कापड ते आणत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण हे साटीन म्हणजे पॉलिस्टरच. घाम टिपत नाही. घाम, तेल गालाखालीच राहतं, रात्रभर घासलं जातं, आधीचं चिघळतं. मऊ सुती घाला, दोन दिवसांआड धुवा, गोळ्या चुकवू नका. खड्डे मात्र आता राहणार.

घरी येऊन मरगदमने अभ्रे ओढून काढले आणि उंबऱ्यावरच बसली.

"मीच आणलं गं हे."

"मला माहीत होतं, अम्मा. चैत्रात तू चार दिवस मावशीकडे गेलीस ना, तेव्हा मी नुसत्या चटईवर झोपले होते. गाल निवला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रोज कामावरून आलीस की आधी तो अभ्रा हाताने सारखा करायचीस," कयल म्हणाली. "कसं बोलणार?"

मरगदमला रडू आलं नाही. पोरीच्या गालाला हात लावायला मात्र तिचा हात धजेना.

गाठी दिवाळीपर्यंत बसल्या. दुसरं स्थळ आलं नाही. कार्तिकात कयलने कॉलेज सोडलं आणि आईच्याच कारखान्यात माल तपासायला लागली. तिथल्या बायका तिला नावाने हाक मारत नाहीत, खड्डेवाली म्हणतात. मरगदमला दोन रांगा पलीकडे ते ऐकू येतं. ती मान वर करत नाही. पुढ्यात साटीनचे तागे येत राहतात, ती शिवत राहते.