तोंड समुद्राकडे

सून सकाळपासून धास्तावलेली होती. एरवी ही बाई कुणाला हार जाणारी नव्हे! या संरक्षित किनाऱ्याचा इतिहास बसभर पर्यटकांना रोज धडाधड सांगायची: दीपगृह पहिल्यांदा कधी पेटलं, आगबोट कुठल्या खडकावर फुटली, सगळं तोंडपाठ. पण आज सासरे येणार होते. मासेमारीला बंदी आली त्या दिवसापासून म्हाताऱ्याने इथे पाऊल टाकलं नव्हतं. आता नजर अधू झाली, तेव्हा काल जेवताना एकदम म्हणाले, "डोळे जायच्या आत होडी बघून घेतो."

आणि इथेच तर घोडं पेंड खात होतं! बंदीच्या दिवसाची आठवण म्हणून शेवटच्या टप्प्यावर त्यांचीच होडी ठेवलेली, तीही तोंड जमिनीकडे करून. मच्छीमारांच्या घरात पोरासोरांनाही कळतं, उद्या पाण्यात जाणारी होडी समुद्राकडे तोंड करून ठेवतात. जमिनीकडे तोंड म्हणजे तिचा खेळ आटोपला. ऑफिसातल्या शहाण्यांनी फोटोसाठी फिरवली असणार, दुसरं काय! म्हातारा बघून खचेल, म्हणून तिने पहारेकऱ्यांच्या हातापाया पडून सकाळीच होडी फिरवून घेतली.

सासरे आले. सगळ्या टप्प्यांवर तिची माहिती ऐकली. होडीपाशी आल्यावर लाकूड चाचपत टोकापर्यंत गेले आणि थबकले.

"कुणी फिरवली ही?"

"मीच, बाबा. त्या लोकांनी उलटी ठेवली होती."

"ते कशाला ठेवतील? मीच ठेवली होती." त्यांचा हात लाकडावरच होता. "तू घरात यायच्या आधीची गोष्ट. जवळपास मासळी उरली नव्हती. तुझा नवरा हट्टाला पेटलेला, चोरून जाईन, लांब जाईन म्हणायचा. माझा भाऊ तसाच लांब गेला होता गं, परत आलाच नाही. म्हणून बंदी आली त्याच दिवशी मी स्वतःच्या हाताने होडी फिरवली. बापानेच होडी मारली म्हटल्यावर पोरगं घरी बसलं. वर्षभर माझ्याशी बोललं नाही."

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलंच माझं, बाबा. आत्ता परत फिरवायला सांगते."

"राहू दे तशीच. पोरगं हाती राहिलं माझं. या होडीने बिचारीने काय पाप केलं होतं?"

आणि भर पर्यटकांत होडीला मिठी मारून म्हातारा ढसाढसा रडला.