मंगलाष्टकं संपेपर्यंत

"पडल्यावर ओरडलात का तुम्ही?"

मंगल कार्यालयाच्या शेठच्या वकिलानं अगदी मऊ आवाजात विचारलं. मुलगी पाहायला आलेली माणसं 'स्वयंपाक येतो का' म्हणून विचारतात ना, तितक्या मऊ आवाजात.

साक्षीच्या पिंजऱ्यात कुसाबाईनं लाकडावरचा हात बदलला. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला फार वेळ उभं राहवत नव्हतं.

"नाय."

"खुब्याचं हाड मोडलं म्हणता आणि तोंडातून आवाज नाही? लग्नाच्या शूटिंगमध्ये मंगलाष्टकं स्वच्छ ऐकू येतात. किंकाळी कुठेच नाही."

"नसलच. अष्टकं चालू व्हती साहेब. वर लोकाच्या लेकीचं लगीन लागत व्हतं. अशा टायमाला कोण वरडल?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. टाइप करणाऱ्या बाईनं एकदा मान वर करून कुसाबाईकडे पाहिलं आणि 'ओरडले नाही' एवढंच टाइप केलं.

कुसाबाई पोळ्यांची बाई. द्वारका चौकापासून आडगाव नाक्यापर्यंतच्या मंगल कार्यालयांत निम्म्या नाशकानं तिच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या असतील. तिला मात्र एकाही नवरीचा चेहरा आठवत नव्हता, कारण स्वयंपाक तळघरात आणि लग्न वर. ती लाटायची, भागीबाई भाजायची. अशी जोडी जमायला नशीब लागतं. लाटणारी घाईची आणि भाजणारी निवांत असली की कच्च्या पोळ्यांचा ढीग साठतो, उलटं झालं की तवा जळतो. दोघींचं नवऱ्यांशी कधी जमलं नाही इतकं एकमेकींशी जमलं होतं.

दोघींचं घड्याळही एकच. भटजींनी पाचवं मंगलाष्टक उचललं की कुसाबाईनं पहिला डबा कमरेवर घ्यायचा आणि जिना चढायचा, म्हणजे अक्षता पडून माणसं ताटाला हात लावीपर्यंत पोळी गरम. नाशकातल्या सगळ्या पोळ्यावाल्या बायका असंच करतात. कुणी शिकवलेलं नाही.

ती पडली त्या कार्यालयाचा जिना अरुंद, पायऱ्या तेलकट. पूर्वी त्याला लोखंडी कठडा होता. मग कुठल्याशा लग्नात स्टेजवरच्या झोपाळ्याला पाइप कमी पडला, आणि मालक नवनाथशेठनं जिन्याचा कठडा कापून वर नेला. "सराई संपली की बसवतो," म्हणाला. लग्नसराई काय, एक संपते तोवर दुसरी येते. भागीबाई त्याला तोंडावर बोललीसुद्धा, "शेठ, नवरी झोपाळ्यावर घटकाभर बसती. आम्ही जिन्यावर रोज मरतो."

"भागीमावशी, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा," म्हणून शेठ हसला आणि मोबाइल कानाला लावून निघून गेला.

त्या दिवशी पाचव्या अष्टकाला कुसाबाई डबा घेऊन निघाली. जिना संपत आला तेवढ्यात पाय सटकला. धरायला हात बाजूला गेला, तिथं काहीच नव्हतं. ती डब्यासकट खाली फरशीवर आली. तोंड उघडलंच होतं, पण भागीबाई तवा सोडून धावली. तिनं कुसाबाईचं डोकं मांडीवर घेतलं, तिच्याच पदराचा बोळा करून तिच्या दातांत दिला.

"चाव कुसे, चाव. दोनच राह्यलीत."

आणि कुसाबाईनं चावला. वर 'सावधान' झालं, बँड वाजला, तेव्हा ती जी ओरडली ते बँडमध्ये बुडून गेलं. मागच्या दारानं तिला भाजीच्या टेम्पोत घातलं. नवनाथशेठ स्वतः फाळका लावायला आला होता. हात जोडून म्हणाला, "मावशी, आज तुम्ही माझं कार्य राखलं. आता तुमचं सगळं माझ्याकडं लागलं."

कुसाबाईला त्या वेदनेतही बरं वाटलं होतं. हे ती कुणाला सांगत नसे.

दवाखान्यात माहिती सांगायला शेठचाच माणूस गेला. त्यानं सांगितलं, "बाई घरी पडल्या." कुसाबाई तेव्हा शुद्धीत कुठं होती! ऑपरेशननंतर शेठ एकदा द्राक्षं घेऊन येऊन गेला. मग त्याचा फोन लागेना. मग फोन लागला तर म्हणाला, "मावशी, तुम्ही घरी पडलात, त्याला मी काय करणार?" आणि हेच तो सगळ्या आचाऱ्यांना सांगत सुटला. म्हातारी घरी पडली आणि आता माझ्या गळ्यात पडायला बघते.

ते कुसाबाईला हाडापेक्षा जास्त लागलं. हाड मोडलं, काम गेलं, ठीक. पण खोटारडी?

राखी वकीलबाई तिच्या सुनेच्या ओळखीची. ती म्हणाली, "मावशी, जिना त्याचा, कठडा त्यानं काढला, भरपाईचा दावा बसतो. फक्त तुम्ही तिथंच पडलात, हे सांगणारं माणूस हवं."

"भागी हाय की," कुसाबाई म्हणाली. तिला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही.

आज सकाळी दोघी एकाच रिक्षानं कोर्टात आल्या होत्या. भागीबाई वाटेत गप्पच होती. कोर्टाची भीती वाटत असेल, म्हणून कुसाबाईनं तिचा हात थोपटला होता.

दुपारी भागीबाईचं नाव पुकारलं.

"कुसाबाई जिन्यावरून पडल्या, तेव्हा तुम्ही कुठं होतात?" राखीनं विचारलं.

"मी तव्यापाशी व्हते. तोंड तव्याकडं व्हतं."

"मग तुम्ही काय पाहिलंत?"

भागीबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

"मला नाय दिसलं काय."

राखीच्या हातातलं पेन थांबलं. "मावशी, नीट आठवा. त्यांचं डोकं कुणाच्या मांडीवर होतं?"

"मला नाय आठवत, ताई."

कुसाबाईला वाटलं उठावं आणि म्हणावं, भागे, पदर माझा होता, पण बोळा तुझ्या हातचा होता. पण ती उठली नाही. तिच्या जिभेवर पुन्हा ते सुती कापड आल्यासारखं झालं. नवनाथशेठ पहिल्या बाकावर बसून मोबाइलमध्ये काहीतरी बघत होता. त्यानं वरसुद्धा पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

बाहेर व्हरांड्यात राखी भडकली होती. "भागीमावशी, घरी माझ्यासमोर सगळं धडाधड सांगितलंत. मग हे काय केलंत? आता दाव्यात राहिलं काय?"

भागीबाईनं तिच्याकडे पाठ केली. कुसाबाईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"कुसे, हर्षालीचं जमलंय. पोराकडचे हॉलवर अडून बसले. कुठं तारीख नाय, तारीख हाय तर आपल्याला परवडत नाय. शेठ आपणहून घरी आला. म्हणला, लेकीचं लगीन माझ्याकडं कर." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बाप नाय गं तिला. मी काय करू? तू बोल, मला मार, पण काहीतरी बोल."

कुसाबाईनं हर्षालीला तान्ही असताना पिठाच्या पोत्यांत झोपवलेलं होतं. कार्टी उठली की पीठ माखून भुतासारखी दिसायची. तिनं खांद्यावरची पिशवी सारखी केली.

"कठडा बसवला का त्यानं?"

"आँ?"

"जिन्याला. कठडा बसवला का?"

भागीबाईनं मान खाली घातली. "नाय अजून."

"मग पोळ्यावाल्या बायांना सांग, डबा दोघींनी धरा म्हणावं," कुसाबाई म्हणाली. "आन् नवरीच्या आईला तळघरात कोण येऊ देणार नाय. तेव्हा आधीच सांगून ठेव."

लिफ्ट बंद होती. राखी कुणाला तरी फोन लावत पुढं गेली. जिन्याच्या तोंडाशी भागीबाईनं हात पुढं केला. गेले कित्येक महिने दवाखान्यात, बाथरूमपर्यंत, रिक्षात चढताना तोच हात धरून कुसाबाई चालली होती.

कुसाबाईनं खांद्यावरची पिशवी काढून त्या हातात दिली.

"ही धर."

मग ती पहिल्या पायरीवर खाली बसली. लुगडं पायांशी नीट आवळून घेतलं, दोन्ही तळवे फरशीला टेकले आणि लहान पोर उतरतं तशी एकेक पायरी खाली सरकायला लागली. वर येणारे काळे कोट भिंतीला लागून उभे राहिले आणि तिला वाट देऊ लागले. प्रत्येक पायरीवर ती थांबायची, पदर सारखा करायची आणि मग पुढची घ्यायची.

पिशवी पोटाशी धरून भागीबाई मागून उतरत होती. तिला ओलांडून पुढं जायची तिची छाती झाली नाही.