गप्प राहिलेला भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. गिरणीतला नव्हे आणि मोटारीचा तर नव्हेच. मित्रांनो, माझा आवाज तुम्हाला कधी ऐकूच आला नसता, कारण माझ्या पत्र्याच्या रुंद तोंडातून मायक्रोवेव्ह लहरी निघत. तुमच्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह बिचारा एकाच पट्टीत गुणगुणतो. मी मात्र रेडिओवरची सगळी स्टेशनं एकदम लागावीत तसा ओरडत असे, आणि ते ओरडणं पापणी लवायच्या कितीतरी आधी संपत असे. माझी माणसं त्याला ठोका म्हणत.

माझ्या पोटात वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांची रांग होती. त्यांत वीज भरायची आणि गॅसच्या डबीत दोन धातूच्या टोकांमध्ये ठिणगी पाडायची, की सगळी वीज एका झटक्यात लहर होऊन बाहेर पडे. त्या डबीला स्विच म्हणत. एवढा जोर कशासाठी, असं तुम्ही विचाराल. दवाखान्यातली यंत्रं बाहेरच्या जोरदार लहरींनी बिघडू नयेत म्हणून आधी ती माझ्यासमोर उभी करत. माझ्यापुढे जे टिकलं ते कुठेही टिकेल, असं सगळे म्हणत. काय सांगू तुम्हाला, तेव्हा माझा रुबाब बघण्यासारखा होता!

मला घडवलं ते आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी. माझा प्रत्येक स्क्रू पिळला तो आमच्या फिटरने. मला चालू-बंद करायच्या पॅनेलपुढे बसायचा तो त्याचा मेहुणा. तो फिटरला ‘दाजी’ म्हणे, म्हणून सगळी प्रयोगशाळाच, अगदी वयाने मोठ्या बाईसुद्धा, त्याला दाजी म्हणू लागली. मी ज्या लोखंडी भिंतींच्या खोलीत राही, तिथले नियम कडक होते. आत जाणाऱ्याने पॅनेलची किल्ली स्वतःच्या खिशात घालायची. मग जमिनीतल्या तांब्याच्या पट्टीला जोडलेला अर्थिंगचा दांडा माझ्या पोटाला लावायचा. वीज उरली असेल तर ती ‘तड्’ असा आवाज करत जमिनीत जाई. माझ्या ठोक्यांनी आसपासचे मीटर वेडेवाकडे वागत, म्हणून काट्यापेक्षा दांड्यावर भरवसा ठेवायचा, अशी शिकवण होती.

मग एक नवे साहेब आले. त्यांना माझा जोर दुप्पट हवा होता, ठोके भराभर हवे होते आणि वर माझा आकार निम्मा हवा होता.

“तिन्ही एकदम हवं असेल तर आधी स्विच नवा लागेल, साहेब,” बाई म्हणाल्या. “याची टोकं झिजली आहेत. एका ठिणगीनंतर गॅसला शांत व्हायलाही वेळ लागतो. आतलं इन्सुलेशन तडकतंय. त्यावर आधी काम करू द्या.”

“ते नंतर बघू. आधी आहे तेच जरा ताणा,” साहेब म्हणाले.

मला ताणलं. लहान बाळांच्या अॅम्ब्युलन्ससाठी बनवलेलं श्वासाचं यंत्र ट्रॉलीवर घालून आत आणलं होतं. ठोके सुरू झाले. माझं अंग तापलं, टोकं जळू लागली आणि एकाएकी मी अडखळलो. पोट भरलेलं होतं, पण ठिणगी पडेना.

पोटातली वीज हळूहळू गळून जावी म्हणून मला एक वाट ठेवलेली होती आणि तिच्यावरच मीटर बसवलेला होता. ती वाट माझ्याच धक्क्यांनी तुटली होती. त्यामुळे वीज आतच राहिली आणि काटा मात्र शून्यावर आला.

“काटा शून्य आहे, दाजी!” मेहुणा ओरडला. “लवकर आवरा, नाहीतर ताई मला उपाशी ठेवील.”

“तुला उपाशी ठेवलं तर घरात चार दिवस धान्य पुरेल,” दाजी हसत आत आले. किल्ली खिशात होती. त्यांनी दांडा उचलून माझ्या पोटाला लावला. आवाज झाला नाही. दांडा तिथेच टांगून त्यांनी हातमोजा काढला.

मित्रांनो, त्या क्षणी मला जीभ असती तर! दांड्याची तार पट्टीपासून सुटलेली होती. मी आतून गच्च भरलेलो होतो आणि दाजींचा उघडा हात माझ्याकडे येत होता. मला भीती वाटली. माणसाला वाटते तशीच.

बाई काचेतून बघत होत्या. “तड् का नाही झालं?” त्या स्वतःशीच पुटपुटल्या, आणि मग जीव खाऊन ओरडल्या, “दाजी, हात मागे! ठोका सुटलेला नाही. मग वीज गेली कुठे?”

दाजींचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. ते एकेक पाऊल मागे सरकले. बाईंनी दुसरा दांडा आणला, त्याची तार स्वतः पट्टीला घट्ट आवळली आणि तो मला लावला.

असा धडाका झाला की दांड्याचं टोक वितळलं. दाजी तिथेच खाली बसले.

सुटलेली तार ट्रॉलीच्या चाकाखाली सापडली. ट्रॉली आत घेताना वाटेत येते म्हणून मेहुण्यानेच ती काढली होती, आणि परत लावायची राहून गेली होती. तो दाजींच्या शेजारी बसला.

“दाजी... ताईला मी काय सांगितलं असतं?”

दाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बाईंनी तिथल्या तिथे चाचणी बंद केली. साहेब खूप चिडले. बाई म्हणाल्या, “चिडा. नवा स्विच आणि नवं इन्सुलेशन झाल्याशिवाय ही किल्ली मी कुणालाही देणार नाही.” त्या कामाला पुढे काही वर्षं लागली. आता माझ्या जागी नवा भोंगा उभा आहे. तो आकाराने लहान आहे, जोरदार आहे आणि दमत नाही. मी गोदामात धूळ खात पडलो आहे. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण दाजी रोज संध्याकाळी घरी जातात, हे मला ठाऊक आहे.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्यासारखं एखादं यंत्र गप्प बसलं, तर ते रिकामं झालं असं समजू नका. हात घालण्याआधी, बाईंनी विचारलं तसं मोठ्याने विचारा, ‘मग वीज गेली कुठे?’ घाईत असलेला माणूस तुमच्यावर रागावेल. खुशाल रागावू दे.