पांढरी राहिलेली जागा

नगररचना कार्यालयाच्या भिंतीवर शहराचा नवा नकाशा लागला आणि त्याच्यापुढे ही गर्दी उसळली! जो तो आपलं घर शोधत होता. माणसाचं असंच असतं. नकाशा गावभराचा लावा, बोट आधी आपल्याच उंबऱ्यावर जातं.

कार्यालयात नकाशे काढणाऱ्या आरेखक बाईंचं बोट मात्र उतारावर गेलं आणि तिथंच थिजलं.

उतार म्हणजे वस्तीमागची चिंचांची जागा. नाव ना गाव, नुसता ‘उतार’. सकाळी म्हातारी माणसं चालायची, दुपारी हमाल पाठ टेकायचे, संध्याकाळी पोरं गवतावरून घसरत यायची. नकाशात बागेला हिरवा रंग असतो, आणि हिरव्यावर बांधायला कायद्याची बंदी. उतार पांढरा होता. पांढरं म्हणजे रिकामं, मागेल त्याला देता येणारं. आणि मागणारा आला होता. पाच मजली वाहनतळ उभं राहणार होतं.

बाईंची आत्या निवृत्त नर्स. गुडघे बदलल्यावर त्या पुन्हा चालायला शिकल्या त्या या उतारावरच. त्यांनी दारोदार फिरून पाचशे सह्या जमवल्या. कार्यालयाच्या साहेबांनी कागद परत केला. “आजी, सह्या छान आहेत. पण ती बाग आहे असा कागद कुठंय?”

कागद बाईंच्या कपाटात असायला हवा होता. अकरा वर्षांपूर्वीचा मूळ नकाशा त्यांनी टेबलावर उलगडला. उतार तिथंही पांढराच, आणि खाली कोपऱ्यात सही त्यांची स्वतःची!

सगळं आठवलं. हिरवा रंग कालवून त्यांनी वरिष्ठांना विचारलं होतं, “उताराचा कागद सापडत नाही, रंगवू का?” वरिष्ठ हसले होते. “अहो, ती बाग आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सूर्य कुठं उगवतो ते लिहिता का नकाशात?” सगळी खोली हसली. बाईही हसल्या आणि ब्रश धुऊन ठेवला. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीला शाई कशाला, अशी त्या खोलीची रीतच होती. नवा नकाशा त्याच कागदावरून उतरला होता.

बाईंनी चूक सांगताच साहेबांनी दार लोटलं. आवाज खाली आणला. “हरकतींची मुदत शुक्रवारी पाचला संपते. मूळ कागद तुमच्याच हातात आहे. गुपचूप फिरवा हिरवा ब्रश, विषय संपला. मुख्य आरेखकाच्या जागेसाठी तुमचं नाव वर गेलंय बाई. आता चूक कबूल करून पायावर धोंडा कशाला पाडून घेता?”

त्या संध्याकाळी दोघी उतारावर बसल्या. बाईंनी सगळं सांगितलं. आत्या काठीच्या टोकानं गवत चाळवत म्हणाल्या,

“वॉर्डात औषध द्यायचं राहिलं आणि मागाहून तक्त्यावर ‘दिलं’ अशी खूण केली, तर तक्ता बरा होतो गं. पेशंट नाही होत.”

“पण जागा तर वाचेल ना, आत्या?”

“कुठवर? चोरून भरलेलं हिरवं चोरूनच पुसता येतं. उद्या दुसरा कुणी ब्रश घेऊन बसेल.”

“सगळ्यांचा किती जीव आहे या जागेवर!”

“जीव आहे म्हणून तर कुणी कागद केला नाही! लेकराला कडेवर घ्यायला सगळे. दाखल्यावर नाव घालायला कुणी नाही.” मग उठता उठता, रोज चालताना म्हणायच्या तसं, त्या पुटपुटल्या:

सावली सगळ्यांची, तिला कोण गं राखीत?
‘माझी’ म्हणेना कुणी, फांदी गेली वखारीत.

बाईंना तो बाण लागला. ‘माझी’ म्हणायचं, तर चूकसुद्धा माझी म्हणायला हवी!

शुक्रवारी दुपारी त्या हरकतींच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या राहिल्या.

“बाई, तुम्ही इकडं? रजेचे अर्ज पलीकडे,” कारकून म्हणाला.

“रजा नको. हरकत नोंदवायचीय. माझ्याच विरुद्ध.”

अर्जात त्यांनी आडपडदा ठेवला नाही. ‘ही जागा बाग असूनही माझ्या चुकीने पांढरी राहिली.’ सोबत उतारावरच्या बाकांच्या, नळाच्या, झाडं लावल्याच्या जुन्या दफ्तरी नोंदी जोडल्या. शेवटी मागणी लिहिली: जागा बागेसाठी कायमची राखीव करावी, आणि जाहीर सुनावणीशिवाय तिचा रंग कुणालाही बदलता येऊ नये.

सुनावणी झाली. मागणी मान्य झाली, पण पुरती नाही. वाहनतळासाठी रस्त्याकडेच्या पट्टीची परवानगी आधीच निघून गेली होती. तिथल्या तीन चिंचा पडल्या. बाईंना ठपक्याचं पत्र मिळालं आणि मुख्य आरेखकाची खुर्ची दुसऱ्याला. अंतिम नकाशा मात्र रंगवायला त्यांच्याकडेच आला. त्यांनी उतार हिरवा केला. पट्टीपाशी ब्रश थांबला. तेवढं पांढरं तसंच ठेवावं लागलं.

आत्या अजून रोज चालतात. पट्टी आली की तोडलेल्या चिंचांच्या बुंध्यांकडे न बघता मागे वळतात.

नागरिकहो, जे सगळ्यांचं असतं ते सगळ्यांच्या भरवशावर टिकत नाही. कुणीतरी पुढे होऊन ते कायद्याच्या कागदावर आणावं लागतं. तुमच्या वस्तीतली सावली नकाशात कोणत्या रंगाची आहे, एकदा जाऊन बघून या. पांढरी असली, तर शेवटच्या शुक्रवारची वाट पाहू नका.