परतीच्या नळीवर कोणी नव्हतं

मी इंधन मोजणारा मीटर बोलतोय. मला हात नाहीत, म्हणून हे एकाने लिहून घेतलंय. त्याने शाळा लवकर सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्द साधेच असतील, तर सांभाळून घ्या. चुका त्याच्या, बाकी सगळं माझं.

मी मुठीत मावतो. अंगातून आरपार भोक आणि त्यात एक चिमुकलं पातं. इंधन वाहिलं की पातं फिरतं आणि तारेतून मी आकडा सांगतो. मला एवढंच येतं. कारखान्यात माझ्या पोटावर एक बाण कोरला. इंधन कुठून कुठे जायचं, ते तो बाण दाखवतो.

दुकानाच्या फळीवर माझ्या शेजारी पाण्याचे मीटर होते. ते पटापट घरोघरी जायचे. माझ्या दोन्ही तोंडांना धूळ जाऊ नये म्हणून टोप्या होत्या. मला दिसायचं काहीच नाही, नुसते निरोप ऐकू यायचे.

एक दिवस कोणीतरी टोपी काढून हळूच फुंकर मारली. हवेच्या पाइपने नाही, तोंडाने. पातं गरकन फिरलं. माझ्याशी आपणहून बोललेला तो पहिला माणूस. त्याला घरी धाकटा म्हणतात. हे लिहून घेणारा तोच.

"कशाला हवाय?" दुकानदाराने विचारलं. तो काहीतरी पुटपुटला.

"जरा मोठ्याने बोल की बाबा. मीटरला ऐकू गेलं असेल, मला नाही!"

त्याने दोनच गोष्टी विचारल्या. मिथेनॉल इंधनाने रबरी सील फुगणार नाहीत ना, आणि इंजिन पूर्ण जोरात असताना पातं टिकेल ना. माझ्याशेजारी एक लहान, चकचकीत मीटर होता. त्याचं पातं टिकलं नसतं. मी गेलो.

धाकट्याच्या मामांचं गॅरेज होतं आणि शर्यतीची गाडी त्याची ताई चालवायची. दोन गाड्या, एक सरळ पट्टा, आठ सेकंदांत खेळ खलास. गेल्या हंगामात इंधन कमी पडून एक पिस्टन वितळला होता. आणखी एक जरी वितळला तरी गाडी विकायची, असं मामांनी सांगून टाकलं होतं. तेव्हा ताई म्हणे हेल्मेटची काच पुसत बसली होती. म्हणून धाकट्याने मला आणलं.

मला पाहून मामा हसले. "आता मीटर टाकून ताईकडून भाडं घेणार का रे?"

"वेटिंगचं वेगळं लावू नकोस म्हणजे झालं," ताई म्हणाली.

धाकट्याचे कान लाल झाले. त्याने मला पंपाच्या पुढे बसवलं, बाण इंजिनकडे. वळणावरून आलेलं इंधन गरगरत येतं आणि मग मी काहीच्या बाही सांगतो, म्हणून माझ्याआधी वीतभर सरळ नळी ठेवली.

पण एक गोष्ट राहिली. पंप इंजिनला लागतं त्याहून जास्तच ढकलतो. जादाचं परतीच्या नळीने टाकीत जातं. त्या नळीत जेट असतो, म्हणजे भोक पाडलेली पितळी गोळी. भोक मोठं केलं की जास्त परत जातं, इंजिनला कमी मिळतं. मी जाणारं मोजत होतो. परतीच्या नळीवर कोणी नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी चाचणी झाली. मामांनी माझा आकडा पाहिला. "बापरे, एवढं पितंय? मग दम लागेल नाही तर काय!" त्यांनी मोठ्या भोकाचा जेट घातला. पुन्हा चाचणी, पुन्हा तोच आकडा. मामांनी त्याहून मोठा घातला. आकडा हलला नाही. पंप तेवढंच ढकलत होता, मी तेवढंच सांगत होतो. मी खोटं बोललो नाही. अर्धं बोललो. उरलेलं अर्धं माझ्या पाठीमागून टाकीत जात होतं, आणि मला मागे वळता येत नव्हतं.

ताई उतरली. "शेवटी शेवटी आचके देतेय. काय केलंत हिला?"

"उद्या बघ कशी पळते ते," मामा म्हणाले.

धाकट्याने प्लग काढला. टोक पांढरं फटक. इंजिन उपाशी होतं. "मामा, तो मीटर... परत जातं ते..."

"मीटर सांगतोय ना? मग तू कशाला सांगतोस?"

त्याने तो प्लग खिशात टाकला आणि जागी नवा बसवला. शटर खाली आलं. नळीतलं इंधन थांबलं की मी मुका होतो. त्या दिवशी मला कळलं, बोलता येणारी माणसंही तशीच मुकी होतात. माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता आणि माझं ऐकून घेणारा एकच, त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

आता हंगाम संपलाय. पुन्हा दोन टोप्या घालून मी खोक्यात आहे. कधी कोणाला मोजायला बसवलंत, तर त्याने काय सांगितलं एवढंच बघू नका. तो कुठे बसलाय तेही बघा. बाकी माझं मागणं नाही.

पण त्या चाचणीच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. शर्यतीच्या सकाळी धाकट्याने सगळ्यांच्या आधी शटर उघडलं. इंजिन अर्ध्या जोरात ठेवून माझा आकडा भिंतीवर खडूने लिहिला. मग मला सोडवलं आणि परतीच्या नळीवर बसवलं, बाण टाकीकडे. तेवढ्यात मामा आणि ताई आले. त्याने पुन्हा इंजिन चालू केलं, तेवढ्याच जोरात. माझं पातं भिरभिरलं. मामा आकड्याकडे बघत राहिले.

"एवढं परत जातंय?"

"हो! भिंतीवरच्यातून वजा करा! उरतं ते इंजिनचं!"

इंजिनच्या वर आवाज चढवावा लागला म्हणून तो ओरडला. ताईने चमकून वर पाहिलं. मामांनी ओठ हलवत वजाबाकी केली, पुन्हा एकदा केली. निम्मंही उरत नव्हतं.

मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि पाना त्याच्या हातात दिला. त्याने खिशातला पांढरा प्लग ताईला दिला आणि जुना, लहान भोकाचा जेट परत बसवला.